बारा वर्षांनी पुन्हा गाडी घेताना: एसयूव्ही निवडण्याआधीची तयारी

आम्ही आमची जुनी हॅचबॅक २०१३ साली विकली. दोघांचीही ऑफिसं कोथरूडपासून दुचाकीच्या अंतरावर, गाडी आठवडेच्या आठवडे पार्किंगमध्ये धूळ खात उभी. ठेवण्यात अर्थ नव्हता. पुढची बारा वर्षं रिक्षा, एसटी, ओला-उबर आणि लग्नकार्याला भाड्याची गाडी यांवर नीट निभावली. मग सासूबाईंचे गुडघे धरले. एसटीची पायरी त्यांना चढवेना, चिपळूणजवळचं गाव दुरावलं, आणि एका संध्याकाळी त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "आपली गाडी असती तर गणपतीला घरी गेलो असतो ना गं." त्याच रात्री ठरलं, गाडी घ्यायची आणि उंच बसणीची घ्यायची.

गाडी दारात यायला साडेतीन महिने लागले. त्यातला शोरूममध्ये गेलेला वेळ अगदी थोडा. बाकीची तयारी घरात, पार्किंगमध्ये आणि आरटीओत झाली, आणि बरीच वर्षं गाडी नसलेल्या माणसाला खरी गरज त्याच तयारीची असते. मधल्या काळात गाड्या, कर, विमा, टोल, सगळंच बदललेलं आहे. म्हणून कामं ज्या क्रमानं करायला हवीत, त्या क्रमानं सांगते.

सगळ्यात आधी महिनाभर एक वही ठेवा. रिक्षा-कॅबनं कुठे गेलो, किती किलोमीटर, किती माणसं, आणि गाडी असती तर अजून कुठे गेलो असतो, एवढंच लिहायचं. आमच्या वहीतून निघालं ते असं: शहरात रोज आठ-दहा किलोमीटर, दोघं किंवा तिघं, महिन्यातून एकदा सातारा, आणि वर्षातून चार-पाच वेळा पाच माणसं नि सामान घेऊन कोकण. सात सीटची गाडी हवी असं घरात सगळ्यांना वाटत होतं. वहीत सात माणसांचा प्रवास एकही नव्हता. तो विषय तिथेच मिटला.

नंतर मोजपट्टी घेऊन पार्किंगमध्ये उतरा, आणि तेही रात्री दहानंतर, शेजारच्या गाड्या लागलेल्या असताना. दुपारी रिकाम्या पार्किंगमध्ये आपली जागा ऐसपैस वाटते. आमच्या जागेच्या डाव्या बाजूला खांब आहे. खांबापासून शेजारच्या गाडीच्या आरशापर्यंत अंतर भरलं २ मीटर ४० सेंटिमीटर. बाजारातल्या बहुतेक मध्यम एसयूव्हींची रुंदी १.८ मीटरच्या आसपास, तीही आरसे सोडून. म्हणजे गाडी बसेल, पण दार अर्धंच उघडेल. मी खडूनं जमिनीवर दोन चौकोन आखले. एक ३ मीटर ९९५ मिलिमीटर लांबीचा, कारण चार मीटरच्या आतल्या नेक्सॉन, ब्रेझासारख्या गाड्यांची लांबी तेवढी असते. दुसरा ४ मीटर ३३ सेंटिमीटरचा, क्रेटाचा. दुसऱ्या चौकोनाची शेपूट आतल्या रस्त्यावर आली. वॉचमनकाका शेजारी उभे राहून बघत होते, ते म्हणाले, "ताई, इथून पाण्याचा टँकर वळतो." चार मीटरच्या आतली गाडी घ्यायची, हे त्या खडूच्या रेघेवर ठरलं. तुमच्याकडे यांत्रिक पार्किंग असेल तर उंची आणि वजनाची मर्यादा सोसायटीकडून लेखी घ्या. कित्येक ठिकाणी खालचा-वरचा मजला सेडानच्या उंचीचा धरलेला असतो, तिथे एसयूव्ही शिरत नाही. तळघराच्या उताराचा माथाही बघून ठेवा, लांब गाडीचं पोट तिथे घासतं.

लायसन्स कपाटातून काढून तारीख वाचा. माझी मुदत ऑक्टोबरात संपत होती, हे मला जूनमध्ये कळलं. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचं प्रमाणपत्रही लागतं. जुनं पुस्तकासारखं लायसन्स असेल तर त्याची नोंद ऑनलाइन आहे का ते आधी पाहा. नसेल तर ती करून घेण्यात दिवस जातात.

आणि हात. बारा वर्षांनी क्लच आठवतो, पण गाडीच्या डाव्या बाजूचा अंदाज गेलेला असतो. मी जवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठ दिवस पुन्हा शिकले. तिथल्या सरांनी मला पहिले दोन दिवस फक्त रिव्हर्स आणि चढावर गाडी थांबवून उचलणं, एवढंच करायला लावलं. शिकताना लाज वाटून घेऊ नका. त्यानंतर सेल्फ ड्राइव्हची एसयूव्ही एका शनिवार-रविवारसाठी भाड्यानं घेतली. शोरूमच्या दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हनं कळणार नाही ते दोन दिवसांत कळतं: कमरेला सीट टोचते का, रात्री समोरच्या दिव्यांनी काच चमकते का, मंडईत लावताना नको होतं का.

आता या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गाडी ज्यांच्यासाठी घेताय त्यांना घेऊन जा, आणि ते रोज नेसतात त्याच कपड्यांत घेऊन जा. सासूबाई पाचवारी साडीत आल्या. उंच गाडी म्हणजे चढायला सोपी, हा माझा समज पहिल्याच गाडीनं खोटा ठरवला. ती ट्रकसारख्या शिडीच्या सांगाड्यावर बांधलेली भारी एसयूव्ही होती. तिचा तळच इतका वर, की त्यांना पाय गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचलावा लागत होता, आणि साडीत तो उचलेना. त्यांनी आधी दाराची कड धरली, मग वरची दांडी शोधली, आणि हसून म्हणाल्या, "राहू दे, बाहेरूनच छान आहे." दुसरी गाडी बुटकी, आत बसताना गुडघ्यांवर सगळा भार. तिसरीत सीटची कड बरोबर त्यांच्या कमरेच्या जरा खाली आली. त्या आधी टेकल्या, मग वळून एकेक पाय आत घेतला. हात कुठेही धरावा लागला नाही. बघायचं ते हेच: सीट कमरेपाशी आणि पाय ठेवायचा तळ खाली. ही दोन मापं कुठल्याच माहितीपत्रकात नसतात.

त्याच फेरीत स्वतःची ड्रायव्हिंग सीट हवी तशी लावा आणि मग तिच्या मागे जाऊन बसा. मागे मधल्या माणसाला तीन बिंदूंचा पट्टा आहे का, डोक्यामागे उशी आहे का, एसीची हवा मागे येते का, ते बघा. लहान मूल असेल तर आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलाची सीट अडकवायच्या, कड्या हातानं चाचपून घ्या. डिकीत आपली खरी बॅग घालून पाहा, आम्ही नेलेली व्हीलचेअर तर एका गाडीत आडवी बसलीच नाही.

एसयूव्ही या शब्दाबद्दल थोडं. आपल्याकडे या नावानं विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांची पुढची दोनच चाकं ओढतात. फोर बाय फोर मोजक्याच गाड्यांत मिळतं आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. तेव्हा चिखलात किंवा समुद्राच्या वाळूत घालायची म्हणून साधी एसयूव्ही घेऊ नका, ती रुतणार. ग्राउंड क्लिअरन्सचे, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर त्याचे, आकडे १९० ते २१० मिलिमीटरच्या घरात दिसतात, पण ते सहसा रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसं आणि सामान भरल्यावर गाडी बसते. आमच्या गावच्या पाणंदीतला दगड जमिनीपासून किती वर आहे, ते दिरांनी पट्टी लावून फोनवर सांगितलं, तेव्हा मला धीर आला.

इंधनाचं उत्तर वहीत असतं. रोज आठ-दहा किलोमीटरच चालवणार असाल तर डिझेल घेऊ नका, मग ॲव्हरेज कितीही मोहात पाडो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी बराच वेळ एका लयीत, तापून पळावी लागते. सिग्नलला थांबत जाणाऱ्या गाडीत तो तुंबतो, दिवा लागतो, आणि खर्च निघतो. सीएनजी स्वस्त पडतो, पण आधी आपल्या वाटेवरच्या पंपाची रांग दोनदा स्वतः बघा, आणि टाकी डिकी किती खाते तेही. इलेक्ट्रिक आम्हाला मनापासून हवी होती. जीएसटी ५ टक्के, रोजचा खर्च किरकोळ. पण खांबाजवळ चार्जिंगची लाइन ओढायला सोसायटीची परवानगी वेळेत मिळाली नाही. तुमची मिळत असेल तर इलेक्ट्रिकला पहिला मान द्या. शेवटी आम्ही पेट्रोल घेतलं. सेकंड हँड बघत असाल तर शक्यतो एप्रिल २०२३ नंतर बनलेली बघा, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची चिंता कमी.

सुरक्षिततेत तडजोड नको. आम्ही गाडी विकली तेव्हा क्रॅश टेस्टचे तारे कोणी विचारत नव्हतं. २०१८ मध्ये पुण्याजवळ रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटवून तपासणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. तारे बघताना मोठ्यांचे आणि मुलांचे वेगवेगळे बघा. उंच गाडीचं वजन वर असतं, वळणावर ती कलते, म्हणून घसरण सावरणारं ईएससी हवंच. काचेच्या छतापेक्षा सहा एअरबॅगचा व्हेरिएंट घ्या. मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पैशांचा हिशोब एक्स शोरूम किमतीवर, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा सोडून सांगितलेल्या किमतीवर, करू नका. लेखी ऑन रोड कोटेशन निदान दोन डीलर्सकडून घ्या आणि ओळ न्‌ ओळ विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यावरच्यांना ४० टक्के. दोन्ही अटी लागतात: ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत जाते. राज्याचा रोड टॅक्स वेगळा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२, आणि डिझेलला त्याहून दोन टक्के जास्त. किंमत दहा लाखांवर गेली की डीलर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, घेतो. तो आयकर विवरणात वळता होतो, पावती जपा. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन दाखवल्यावर आम्हाला आकडा खाली आलेला दिसला. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा) घ्यावाच लागतो, त्यामुळे पहिली रक्कम मोठी दिसते. जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, तीन वर्षांतच वापरता येतो, आमचा केव्हाच गेला होता. पावसाळ्यात तुमच्या भागात पाणी साठत असेल तर इंजिनाचं संरक्षण जोडून घ्या, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नका, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. टोलला आता फास्टॅग. सातारा रोडवर नेहमी जाणार असाल तर राष्ट्रीय महामार्गांचा वार्षिक पास घ्या, २०२५ मध्ये तो तीन हजारांचा होता. तो वर्षभर किंवा २०० फेऱ्या चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मात्र नाही.

टेस्ट ड्राइव्ह पाच माणसं बसवून, एसी लावून, चढावर घ्या. आम्ही कात्रजच्या जुन्या घाटात गेलो. ऑटोमॅटिक हवी असेल तर हे फारच गरजेचं. एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचेच गिअर आपोआप बदलणारी स्वस्त ऑटोमॅटिक, शहरात ठीक वाटते, पण चढावर गिअर बदलताना थबकते, आणि कुंभार्ली घाटात ट्रकच्या मागे ते थबकणं नको वाटतं. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये धरून ठेवता येते का, तेही करून बघा.

शेवटचं काम, ताबा घेण्याआधीची तपासणी, आणि ती पैसे पूर्ण भरायच्या आत. आमची गाडी दसऱ्याला मिळणार होती. त्या दिवशी डीलरकडे हार-पेढ्यांची रांग, गाडी नीट बघायला जागा नाही. एक दिवस आधी जाऊन दिवसाच्या उजेडात पाहिली. टायरच्या भिंतीवर चार आकडी शिक्का असतो: २५२५ म्हणजे २०२५ चा पंचविसावा आठवडा. चारपैकी तीन टायर जुळत होते, चौथा सहा महिने जुना. विचारल्यावर सेल्समननं वाद न घालता बदलून द्यायचं कबूल केलं, पण दोन दिवस लागणार होते. घरी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मुहूर्त गणपतीनं बघितलाय, तू टायर बघ." आम्ही दसऱ्यानंतर तीन दिवसांनी गाडी आणली. चासी नंबर कागदांशी जुळवा, किलोमीटरचा आकडा बघा, रंग उन्हात तिरक्या नजरेनं पाहा, स्टेपनी आणि जॅक आहेत का ते उघडून बघा, आणि नंबर पडून पाट्या लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

घरी आणल्यावर पहिले तीन रविवार पहाटे सहाला शेजारच्या काकांना बाजूला बसवून मी चालवली, आधी रिकाम्या रस्त्यांवर, मग खंबाटकीपर्यंत. चौथ्या रविवारी सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर नारळाची पिशवी घेऊन. उंब्रजहून पाटण, कोयनानगर, मग घाट. चिपळूणला पोचेपर्यंत त्या दोनदा उतरल्या आणि दोनदा चढल्या, स्वतःच्या स्वतः.