शेवग्याच्या पाल्याचं रक्तवाढीचं चूर्ण घरी करायचंय? आधी गणित, मग पाला

आयर्न कमी आहे म्हटलं की जो तो झाडांची नावं सांगायला लागतो. माझं म्हणणं, झाड नंतर, आधी रिपोर्ट. हिमोग्लोबिन बायकांचं १२ ग्रॅमच्या खाली, पुरुषांचं १३ च्या खाली, गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात, पण नुसतं तेवढं बघून चालत नाही, सोबत फेरिटिन (अंगातला आयर्नचा साठा दाखवणारी रक्ताची टेस्ट) कराच, कारण थॅलेसेमिया मायनर या आईवडिलांकडून येणाऱ्या रक्तदोषामध्येही हिमोग्लोबिन कमी आणि लाल पेशी बारीक दिसतात पण आयर्नचा साठा अगदी व्यवस्थित असू शकतो, मग तिथे कसलं रक्तवाढीचं चूर्ण देताय? फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपलाय. अंगात इन्फेक्शन असेल तर मात्र हाच आकडा उगाच वाढलेला दिसतो.

आता गणित. सुकवलेल्या शेवग्याच्या पानांच्या १०० ग्रॅम पावडरीत २८ मिलिग्रॅमच्या आसपास आयर्न धरतात (जमिनीप्रमाणे बरंच कमीजास्त होतं). चमचाभर म्हणजे ३ ग्रॅम, म्हणजे ०.८ मिलिग्रॅम, आणि त्यातलं १०% जरी अंगी लागलं तरी हातात उरतं ०.०८! फेरस सल्फेटच्या एका गोळीत ६०-६५ मिलिग्रॅम असतं. तेव्हा डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून चूर्ण सुरू करायचं नाही, चूर्ण जोडीला किंवा साठा भरल्यावर तो टिकवायला.

काढा करू नका, पावडरच करा, कारण पाण्यात फार थोडं आयर्न उतरतं आणि बाकीचं चोथ्याबरोबर फेकलं जातं. पानं रहदारीच्या रस्त्याकडेची नकोत, त्यात शिसं असू शकतं आणि शिशानेच रक्त कमी होतं, म्हणजे औषधच दुखणं व्हायचं. धुऊन, निथळून, सावलीत पातळ पसरा. पान चुरगळल्यावर कुरकुर मोडलं पाहिजे, वाकलं तर आत पाणी आहे आणि बरणीत बुरशी येणार.

त्यात दुसरं काही मिसळायच्या आधी ही टेस्ट करा, मला सगळ्यात आवडते. आयर्नची एक गोळी कुटून पाण्यात ढवळा, गाळून घ्या. जी वनस्पती घालायची तिचं पाणी उकळून गार करा, चांगलं पातळ करा आणि त्यात या आयर्नच्या पाण्याचे चार थेंब टाका. रंग शाईसारखा काळानिळा झाला तर त्यात टॅनिन (चहाला तुरटपणा देणारं द्रव्य) आहे आणि ते पोटातही आयर्नला असंच धरून बसणार. (प्यायचं नाही हां, ओतून द्या.) मी पहिल्या खेपेला चवीसाठी ग्रीन टी घातला होता, टेस्ट केली तर ग्लासात सरळ शाई! पुदिना आणि कॅमोमाइलचा चहा निरुपद्रवी वाटतो ना, जेवणासोबत घेतला तर तोही आयर्नचं शोषण चांगलंच कमी करतो. आवळ्यात व्हिटॅमिन सी भरपूर पण टॅनिनही आहे, लोखंडाला लागला की तो काळा पडतो तो त्यामुळेच, म्हणून मी लिंबू वापरते. पावडर कोमट पाण्यात कालवल्यावर लिंबू वरून पिळा, उकळत्यात नको, व्हिटॅमिन सी उष्णतेने जातं. चहा-कॉफी मागेपुढे निदान तासभर लांब.

गरोदर बाई, लहान मूल, वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घेणारा माणूस यांच्यावर घरचे प्रयोग नकोत (पानांतलं व्हिटॅमिन के वॉरफरिनच्या आड येतं). बाकीच्यांनी गोळी किती, चूर्ण किती, कधी घेतलं ते वहीत लिहा आणि महिन्याने हिमोग्लोबिन परत बघा. गोळी नीट घेऊनही एखाद ग्रॅमसुद्धा वाढलं नसेल तर पाला बदलत बसू नका, रक्त कुठून तरी जातंय का ते शोधा, पुरुषांत आणि पाळी गेलेल्या बायकांत तर हे पहिल्या दिवशीच शोधायला हवं.