हत्ती आणि क्षयाचा जिवाणू : तुलनेचा तक्ता करताना या चुका टाळा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हा तक्ता करायचा असेल, तर अप्पा बळवंत चौकात कार्डशीट आणायला जाण्याआधी आकडेमोड उरकून घ्या. घोळ होतो तो तिथेच.

आशियाई हत्ती खांद्यापाशी साधारण २.५ मीटर उंच, जिवाणू साधारण २.५ मायक्रोमीटर लांब. फरक १० लाख पट. जिवाणू म्हणून खसखशीचा १ मिलिमीटरचा दाणा चिकटवला, तर त्याच प्रमाणात हत्ती १ किलोमीटर उंच काढावा लागेल. आपला सिंहगड पायथ्यापासून ७५० मीटरच्या आसपास आहे! तेव्हा एकच प्रमाण धरू नका. हत्तीखाली ‘१ मीटर’ची आणि जिवाणूखाली ‘१ मायक्रोमीटर’ची वेगळी मोजपट्टी काढा.

इथवर नीट आलेली मुलं वजनाला घसरतात. ‘वजनही १० लाख पट’ लिहून मोकळी होतात. घनफळ लांबीच्या घनाने वाढतं, म्हणजे १ वर १८ शून्ये. त्यात जिवाणू काडीसारखा, जाडीला अर्धा मायक्रोमीटरही नाही. त्यामुळे खरा फरक याहून मोठाच.

हे दाखवायला शाडूचे दोन घन करा, बाजू १ सेंमी आणि १० सेंमी. लहान घनाला दर घन सेंटिमीटरमागे ६ चौरस सेंमी पृष्ठभाग मिळतो, मोठ्याला ०.६. म्हणूनच इवल्याशा जिवाणूला ऑक्सिजन थेट आवरणातून मिळतो. हत्तीला फुप्फुसं लागतात आणि अंगातली उष्णता घालवायला सुपाएवढे कान.

‘जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात’ हे ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूबद्दल खरं, तेही उत्तम परिस्थितीत. क्षयाच्या जिवाणूला १५ ते २० तास लागतात. हत्तीचा गर्भकाळ १८ ते २२ महिने.

हत्तीच्या पेशी अवाढव्य नसतात. त्याच्या तांबड्या पेशीचा व्यास सुमारे ९ मायक्रोमीटर, माणसाच्या पेशीचा ७ ते ८. वाढते ती संख्या.

जिवाणूला विषाणू लिहू नका. आफ्रिकन हत्तीचा फोटो लावून आशियाईचे आकडे देऊ नका. सोंडेच्या टोकाला आशियाईला एक बोट, आफ्रिकनला दोन. झील-नीलसन पद्धतीने रंगवलेला जिवाणू लाल, मागची बाजू निळी दाखवा.

‘साम्य’ हा रकाना मात्र रिकामा सोडू नका. डीएनए दोघांत, रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रथिनं बनवणारे कण, तेही दोघांत. फक्त जिवाणूचे लहान, ७०एस प्रकारचे, हत्तीच्या पेशीद्रवातले मोठे, ८०एस प्रकारचे. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध घाव घालतं ते ७०एसवर. आणि माणसाचा क्षय हत्तीलाही लागतो, हे ठळक अक्षरांत लिहा.