विदर्भावर वाद घालताना या चुका टाळा

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपुरात वेगळ्या विदर्भाचा विषय निघतोच. सीताबर्डीतल्या चहाच्या टपरीवर निघतो, लग्नाच्या पंगतीतही निघतो. निघावाच. पण बहुतेक वेळा दहा मिनिटांत आवाज चढतात आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. त्यामागे काही ठरलेल्या चुका असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तीन प्रश्नांची खिचडी. काय ठरलं होतं? ते पाळलं गेलं का? आणि नसेल, तर वेगळं राज्य हाच उपाय आहे का? पहिल्याचं उत्तर कागदात आहे. विदर्भासह एक मराठी राज्य व्हावं म्हणून नेत्यांनी केलेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात सरकारने दरवर्षी काही काळ नागपुरात यावं आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे व्हावं, असं लिहिलं आहे. दुसऱ्यासाठी सिंचनाच्या अनुशेषाचे (म्हणजे राहून गेलेल्या कामांचे), नोकऱ्यांचे आकडे तपासावे लागतात. तिसरा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटत नाही, तो पसंतीचा आणि निष्ठेचा आहे. एकाने अनुशेष काढला आणि दुसऱ्याने संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची आठवण करून दिली, तर दोघंही खरं बोलतात, पण एकमेकांना उत्तर देत नाहीत. म्हणून बोलण्याआधी विचारा: आपण यातल्या कोणत्या प्रश्नावर आहोत?

अर्धा इतिहास सांगणं ही दुसरी चूक, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. ही मागणी म्हणजे पुढाऱ्यांचं खूळ आहे असं म्हणणारे विसरतात, की फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाचीच शिफारस केली होती. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जुन्या मध्य प्रदेशची राजधानी असलेल्या नागपूरचं राजधानीपण संपलं, ही दुखरी जागा खरी आहे. उलट, करार विदर्भावर लादला म्हणणाऱ्यांनी त्याखाली विदर्भातल्या नेत्यांच्याही सह्या आहेत हे सांगायला हवं.

मग हेतूवर जाणं. ‘तुमाले तिकीट पायजे म्हणून बोलता’ म्हटलं की मुद्दा संपला. समोरच्याला खरंच तिकीट हवं असेलही, पण त्याने दिलेला आकडा तेवढ्याने खोटा ठरत नाही. आपल्याच हेतूवर शंका घेतली गेली तर काय करावं, याचा नमुना याच शहरात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाल्यावर दुसऱ्या दिवशीच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी नागपूरच का, हा प्रश्न स्वतःच घेतला. इथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आहे म्हणून हे शहर निवडलं, असं काही जण म्हणत होते. तो आक्षेप त्यांनी आधी लोकांसमोर मांडला, नाकारला आणि मग बौद्ध धर्म पसरवणाऱ्या नाग लोकांचा इतिहास हे आपलं कारण सांगितलं. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रचर्चेतही पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आधी मांडण्याचीच रीत होती. मला ती आजही सगळ्यात उपयोगी वाटते.

अडचणीचा वाद टाळणंही महागात पडतं. १९०७ चं काँग्रेस अधिवेशन नागपुरात व्हायचं होतं. इथे जहालांचा जोर होता, म्हणून ते सुरतेला हलवलं. भांडण तिथे उफाळलं आणि काँग्रेस फुटली. ती पुन्हा एकत्र यायला १९१६ उजाडलं. विरोधी मताच्या माणसाला बैठकीचं निमंत्रणच न देणारी मंडळं हीच चूक करतात.

वाद आधीच चिघळला असेल तर? नवा मुद्दा काढू नका. ‘भाऊ, तुमचं म्हणणं असं आहे ना?’ म्हणून त्यांचं मत तुमच्या तोंडून सांगा आणि ते ‘हो’ म्हणेपर्यंत दुरुस्त करत राहा. मग विचारा, कोणती गोष्ट सिद्ध झाली तर तुम्ही मत बदलाल? तोच प्रश्न स्वतःलाही लावा. उत्तर ‘कोणतीच नाही’ असं आलं, तर आकड्यांची मारामारी तिथेच थांबवा आणि कोणाला काय प्रिय आहे यावर बोला.