सरावाच्या लॅबमध्ये क्लायंट एका सबनेटमधून दुसऱ्या सबनेटमध्ये कसा हलवावा

सर्व्हर आणि क्लायंट (त्याच्या सेवा वापरणारं मशीन) एकाच सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या एकाच गटात, असतात तोवर लॅबमधल्या कितीतरी चुका झाकलेल्या राहतात. क्लायंट शेजारच्या सबनेटमध्ये नेला की त्या एकेक करून वर येतात. म्हणूनच हा सराव प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने करावा, असं मला मनापासून वाटतं. क्लायंट हलवायला दोन मिनिटं पुरतात; खरी मेहनत असते ती सर्व्हरचं उत्तर क्लायंटपर्यंत परत येईल अशी वाट बांधण्यात.

उदाहरणासाठी अशी मांडणी धरू. पहिलं सबनेट १९२.१६८.१०.०/२४. त्यात १९२.१६८.१०.१० या पत्त्यावर विंडोज सर्व्हर; डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा), डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) आणि डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटणारा) तिन्ही त्याच्यावरच. दुसरं सबनेट १९२.१६८.२०.०/२४, सध्या रिकामं. दोघांच्या मध्ये दोन नेटवर्क कार्डं असलेलं एक व्हर्च्युअल मशीन राउटरचं काम करतं: एका कार्डावर १९२.१६८.१०.१, दुसऱ्यावर १९२.१६८.२०.१. सगळं व्हर्च्युअलबॉक्सच्या (एका संगणकात अनेक मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) इंटर्नल नेटवर्कवर. हे चित्र कागदावर काढून समोर ठेवा, पुढे सारखं लागेल.

क्लायंटला हात लावण्याआधी

१. राउटरवर पॅकेट पुढे पाठवण्याची सोय चालू करा. लिनक्स असेल तर आयपी फॉरवर्डिंग, विंडोज सर्व्हर असेल तर राउटिंग अँड रिमोट अ‍ॅक्सेस. नुसती दोन कार्डं लावली म्हणून मशीन राउटर होत नाही.

२. सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे, म्हणजे दुसऱ्या सबनेटकडे जाण्याचं दार, तपासा. सगळे एकाच सबनेटमध्ये असताना गेटवेची गरजच पडत नाही, त्यामुळे तो रकाना बहुतेक लॅबमध्ये रिकामाच असतो. तिथे १९२.१६८.१०.१ भरा. या एका ओळीचं महत्त्व पुढे कळेल.

३. डीएचसीपीत दुसरा स्कोप, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा पट्टा, तयार करा: १९२.१६८.२०.१०० ते २००, मास्क २५५.२५५.२५५.०. राउटरच्या पर्यायात, म्हणजे क्रमांक ३ मध्ये, १९२.१६८.२०.१ द्या. डीएनएसच्या पर्यायात, क्रमांक ६ मध्ये, सर्व्हरचा तोच जुना पत्ता. जुन्या स्कोपवरून बघून भरताना गेटवेही जुनाच लिहिला जातो, तिथे जपा. शेवटी स्कोप अ‍ॅक्टिव्हेट करा.

४. राउटरवर डीएचसीपी रिले एजंट बसवा. तो २० च्या बाजूच्या कार्डावर ऐकेल आणि मागणी १९२.१६८.१०.१० कडे पाठवेल, असं सेट करा.

रिले का लागतो, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पत्ता नसलेला क्लायंट आपली मागणी ब्रॉडकास्टने, म्हणजे सबनेटमधल्या सगळ्यांना एकदम, पाठवतो आणि राउटर ब्रॉडकास्ट पलीकडे जाऊ देत नाही. रिले एजंट ती मागणी उचलतो, तिच्यात स्वतःच्या कार्डाचा पत्ता, म्हणजे १९२.१६८.२०.१, लिहितो आणि थेट सर्व्हरकडे पाठवतो. त्या पत्त्यावरूनच सर्व्हरला कळतं की २० च्या स्कोपमधला पत्ता द्यायचा. आणि उत्तरही तो त्याच पत्त्यावर पाठवतो. सर्व्हरला गेटवे नसेल तर १९२.१६८.२०.१ कडे जायची वाटच त्याला ठाऊक नसते. मागणी पोहोचते, उत्तर मात्र सर्व्हरमधून बाहेरच पडत नाही.

आता क्लायंट हलवा

क्लायंटचा स्नॅपशॉट (गरज पडल्यास परत येण्यासाठी सध्याच्या स्थितीची प्रत) घ्या. मग जुन्या जागीच असताना कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ चालवा. पत्ता सोडल्याचा हा निरोप थेट सर्व्हरला जातो, म्हणून तो वायर बदलण्याआधीच द्यायचा. नाही दिला तर जुनी नोंद लीज (पत्ता वापरायची मुदत) संपेपर्यंत, विंडोज सर्व्हरवर न बदलता ठेवलं असेल तर ८ दिवस, तशीच पडून राहते.

त्यानंतर मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इंटर्नल नेटवर्कचं नाव बदला. हे मशीन चालू असतानाही करता येतं. नाव टाइप करू नका, यादीतून निवडा. ‘लॅब२०’ च्या जागी ‘लॅब-२०’ लिहिलं तर व्हर्च्युअलबॉक्स चूक दाखवत नाही. त्या नावाचं नवंच नेटवर्क तयार करतो आणि क्लायंट त्यात एकटा बसतो. आता ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’. पत्ता हाताने दिलेला असेल तर आयपी आणि गेटवे दोन्ही बदला. डीएनएस तोच राहील.

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर क्लायंटपर्यंत डीएचसीपीचं उत्तर आलेलं नाही. घाईने सगळं पुसून परत करू नका. राउटरच्या दोन्ही कार्डांवर वायरशार्क (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा आणि रिन्यू पुन्हा चालवा. २० च्या बाजूला डिस्कव्हर (क्लायंटची पत्त्याची मागणी) दिसतच नसेल तर नेटवर्कचं नाव चुकलंय. तिथे दिसतो पण १० च्या बाजूला निघत नाही, तर रिले पाहा. दोन्हीकडे डिस्कव्हर आहे आणि ऑफर (सर्व्हरचं उत्तर) कुठेच नाही, तर सर्व्हरवर जा: आधी गेटवे, मग स्कोप चालू आहे का ते.

पत्ता मिळाल्यावर पिंग जवळून लांब असं करत जा: आधी १९२.१६८.२०.१, मग १९२.१६८.१०.१, मग सर्व्हर, आणि शेवटी सर्व्हरचं नाव. जिथे अडेल तिथेच दोष शोधा. एक फसवी जागा सांगतो. विंडोज फायरवॉलचे काही नियम फक्त लोकल सबनेटपुरते असतात, त्यामुळे काल चालणारा पिंग आज राउटिंग बरोबर असूनही थांबू शकतो. फायरवॉल बंद करू नका, त्या नियमाची व्याप्ती वाढवा.

डोमेनमधल्या क्लायंटसाठी दोन कामं उरतात. ‘आयपीकॉन्फिग /रजिस्टरडीएनएस’ चालवून डीएनएसमध्ये नवा पत्ता आल्याची खात्री करा. २० च्या सबनेटसाठी रिव्हर्स झोन (पत्त्यावरून नाव शोधण्याची यादी) वेगळा बनवावा लागतो. मग ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी साइट्स अँड सर्व्हिसेस’मध्ये १९२.१६८.२०.०/२४ हे सबनेट जोडून त्याला साइट, म्हणजे नेटवर्कमधलं ठिकाण, द्या. एकच डोमेन कंट्रोलर असताना हे राहून गेलं तरी लॉगिन होतं, म्हणून ते लक्षात येत नाही. पण डोमेन कंट्रोलरच्या नेटलॉगॉन लॉगमध्ये ‘नो क्लायंट साइट’ अशी नोंद क्लायंटच्या पत्त्यासकट सापडते. सबनेट जोडल्यावर क्लायंट रीस्टार्ट करा आणि ‘एनएलटेस्ट /डीएसगेटसाइट’ चालवा. तुम्ही दिलेल्या साइटचं नाव तिथे दिसलं पाहिजे.