उभे विमान महाग पडते : सांबऱ्याहून छोटे विमान बाळगण्याचा अनुभव

बेळगावजवळच्या सांबरा विमानतळावर ठेवलेल्या आमच्या विमानाचा पहिला पावसाळा संपला आणि ऑक्टोबरात तेल बदलायला घेतले, तेव्हा आमच्या ए. एम. ई. (विमान देखभाल अभियंता) साहेबांनी जुना फिल्टर फेकून न देता कापला. आतला घडीदार कागद त्यांनी पांढऱ्या ट्रेमध्ये उलगडून पसरला, धुतला आणि त्यावरून लोहचुंबक हळूहळू फिरवला. चुंबकाच्या टोकाला मोहरीहून बारीक अशा सात-आठ चमकत्या कपच्या चिकटून आल्या. उद्यमबागेत माझे मशीन शॉप असल्याने धातूचा चुरा पाहण्यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत. लेथवरून पडणारा चुरा वळलेला असतो. या कपच्या चपट्या होत्या. वरचा थर कठीण केलेले पोलाद सोलपटू लागते तेव्हाच अशा कपच्या पडतात, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. मी साहेबांकडे पाहिले. ते एवढेच म्हणाले, "मालक, विमान चार महिने हलले नाही ना?"

विमान खरोखरच हलले नव्हते. जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग उतरले, आम्ही तिघा भागीदारांनी "आता दसऱ्यानंतर बघू" असे म्हणून ते हँगरमध्ये ढकलले आणि आपापल्या धंद्याला लागलो. आमचे विमान म्हणजे सेस्ना १७२ पी, चार आसनांचे, १६० अश्वशक्तीच्या लायकॉमिंग इंजिनाचे. या इंजिनात झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, हा प्रोपेलर (पंखा) फिरवणाऱ्या क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन बंद झाल्यावर तेल निथळून खाली सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या तेलपात्रात, जाते आणि वरचा कॅमशाफ्ट दिवसेंदिवस कोरडा होत राहतो. बेळगावच्या जुलै-ऑगस्टमधल्या हवेत, जिथे दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तिथे त्या कोरड्या पोलादावर गंजाचे बारीक ठिपके धरतात. पुढे इंजिन चालू झाले की ते ठिपके खरवडले जातात, त्यांचे खड्डे होतात आणि कॅमचा पृष्ठभाग सोलू लागतो. आमचे इंजिन उतरवावे लागले, उघडावे लागले, कॅमशाफ्ट आणि त्यावर टेकणारे टॅपेट बदलावे लागले, आणि हिवाळ्याचे उत्तम उडण्याचे दिवस सुटे भाग येण्याची वाट पाहण्यात गेले.

ज्यांनी खासगी वैमानिकाचा परवाना नुकताच मिळवला आहे आणि ज्यांच्या मनात आता स्वतःच्या विमानाचा विचार घोळत आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. विमान विकत घेताना आम्ही किमतीवर खूप घासाघीस केली, पण ते वर्षाला किती तास उडणार, याचा हिशेब कागदावर मांडला नाही. माझ्या अनुभवात खर्च ठरतो तो याच आकड्यावर.

हिशेबाची पद्धत सोपी आहे. हँगरचे भाडे, विमा, वार्षिक तपासणी, उड्डाणयोग्यतेची कागदपत्रे सांभाळणाऱ्या संस्थेचे शुल्क, रेडिओचा परवाना हे सगळे स्थिर खर्च आहेत. विमान उडो वा न उडो, ते द्यावेच लागतात. समजा, हा खर्च वर्षाला ९ लाख रुपये आहे. वर्षात ५० तास उड्डाण झाले, तर इंधनाचा थेंबही जाळण्याआधी ताशी १८,००० रुपये झाले. १५० तास झाले, तर तोच आकडा ६,००० वर येतो. इंजिनाचेही तसेच. निर्मात्याच्या शिफारशीप्रमाणे या इंजिनाचे ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती, २,००० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, करायचे असते. वर्षाला ५० तास उडणारा मालक १२ वर्षांत ६०० तास वापरतो आणि उरलेले १,४०० तास त्याच्या पैशांसह काळाच्या हवाली करतो. म्हणूनच एकट्याने विमान घेण्याच्या मी विरुद्ध आहे. आम्ही तिघे आहोत, एक शहापूरचे डॉक्टर, एक निपाणीचे व्यापारी आणि मी, आणि तिघांचे मिळून आता वर्षाला सव्वाशेच्या वर तास होतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. "आपण वापरत नसू तेव्हा भाड्याने देऊ, खर्च निघेल," असे अनेक जण उत्साहाने सांगतात. खासगी वर्गात नोंदलेले विमान भाड्याने किंवा मोबदला घेऊन चालवता येत नाही, आणि खासगी परवानाधारक वैमानिकालाही पैसे घेऊन उड्डाण करता येत नाही. विमानातून उत्पन्न मिळेल, असे धरून हिशेब मांडणाऱ्याने तिथेच थांबावे.

विकत घेण्यापूर्वी रंग आणि गाद्या पाहू नयेत, लॉगबुके पाहावीत. ढाचा, इंजिन आणि पंखा यांची लॉगबुके वेगवेगळी असतात आणि तिन्ही सलग हवीत. तासांच्या नोंदींत जिथे वर्ष-दोन वर्षांची पोकळी दिसेल, तिथे बोट ठेवून विचारावे की या काळात विमान कोणत्या गावी आणि कशाखाली उभे होते. समुद्रकाठी उघड्यावर दोन पावसाळे काढलेल्या विमानापेक्षा कोरड्या प्रदेशात जास्त तास उडालेले विमान मी डोळे झाकून पसंत करीन. सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी, म्हणजे सिलिंडर भरलेल्या हवेचा दाब किती धरून ठेवतो ही तपासणी, स्वतःच्या माणसाकडून करून घ्यावी. ८० च्या दाबाला ७० च्या वर आकडा येणारे सिलिंडर निर्धास्त करतात, साठच्या जवळचा आकडा खर्च सुचवतो. 'व्हीटी' ने सुरू होणारे नोंदणी चिन्ह, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, दरवर्षी होणारे त्याचे पुनरावलोकन आणि विमा यांची कागदपत्रे व्यवहार होण्याआधी ए. एम. ई. ला दाखवावीत. ही कामे कंटाळवाणी आहेत, पण त्यात गूढ काही नाही.

आता आमच्या भागाच्या हवेविषयी, कारण पुस्तकातले आकडे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. सांबऱ्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,४९० फूट उंचीवर आहे. १९४२ साली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो बांधला गेला आणि आजची धावपट्टी २,३०० मीटर लांब आहे, त्यामुळे छोट्या विमानाला लांबीची चिंता नाही. चिंता करायची ती हवेच्या विरळपणाची. या उंचीवर प्रमाणित तापमान सुमारे १० अंश धरले जाते. एप्रिलच्या दुपारी पारा ३७ वर असतो, म्हणजे २७ अंश जास्त. प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट या हिशेबाने घनता-उंची, म्हणजे हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणारी उंची, ५,७०० फुटांच्या घरात जाते. इंजिनाला आणि पंखांना आपण जांबोटीच्या डोंगरांच्याही बरेच वर आहोत असे वाटते. समुद्रसपाटीला मिनिटाला ७०० फूट चढणारे आमचे विमान अशा दुपारी पूर्ण भाराने चारशेच्या आसपास कसेबसे चढते, इंजिन तापते आणि वर पोहोचेपर्यंत जास्त इंधन जळते. म्हणून मार्चपासून मेपर्यंत आम्ही सकाळीच उडतो. त्या वेळी तापलेल्या जमिनीवरून उठणारे झटकेही नसतात. ऊस तुटल्यानंतर शेतात पाचट पेटवतात, त्याचा धूर मात्र कधी कधी सकाळीच खाली साचून राहतो. मग धूर विरेपर्यंत थांबावे लागते.

वजनाच्या बाबतीत तर मी अतिशय आग्रही आहे. या विमानाचे कमाल वजन १,०८९ किलो. आमचे विमान रिकामे सुमारे ६८० किलो भरते. टाक्या पूर्ण भरल्या की १६३ लिटर इंधनाचे आणखी ११७ किलो. उरले २९० किलोच्या आसपास. म्हणजे चार आसने आहेत म्हणून चार धडधाकट माणसे, भरलेली टाकी आणि कुंद्याच्या डब्यांनी फुगलेल्या पिशव्या हे सगळे एकत्र जमत नाही. नवख्या मालकाला पाहुण्यांसमोर हे सांगायला संकोच वाटतो. आमच्या हँगरमध्ये वजनकाटा आहे आणि आम्ही तिघेही प्रत्येक प्रवाशाला, घरच्या माणसांनाही, त्यावर उभे करतो. जवळच्या उड्डाणासाठी टाक्या पूर्ण भरायच्या नाहीत, हाही आमचा नियम आहे; जायला-यायला लागेल तेवढे, वर कायद्याने ठरलेला राखीव साठा आणि त्यावर आमचा आणखी अर्धा तास.

इंधनाची खरी बचत मिक्श्चरच्या, म्हणजे हवेत मिसळणाऱ्या इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या, लाल नॉबमध्ये आहे, आणि शिकताना हीच गोष्ट सर्वांत कमी शिकवली जाते. मिश्रण पूर्ण 'रिच', म्हणजे इंधन जास्तीत जास्त, ठेवून उडत राहणे सुरक्षित आहे, असा अनेकांचा समज असतो. ठरलेली उंची गाठल्यावर, शक्ती ७५ टक्के किंवा त्याहून कमी असताना, नॉब हळूहळू ओढत न्यावा, आर. पी. एम. (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) किंचित वाढतात, शिखर गाठतात आणि मग इंजिन थोडे खडखडू लागते. तेथून ते पुन्हा गुळगुळीत होईपर्यंत नॉब थोडा आत सारावा. आमच्या विमानात एवढ्याने तासाला चार-पाच लिटर वाचतात. छोट्या विमानांचे पेट्रोल, ॲव्हगॅस १०० एल. एल., यामध्ये 'लो लेड' म्हणत असले तरी शिसे असतेच, आणि रिच मिश्रणात जमिनीवर रेंगाळणाऱ्या इंजिनाच्या स्पार्क प्लगवर ते राखाडी मण्यांसारखे साचते. म्हणून टॅक्सी करतानाही आम्ही मिक्श्चर बरेच ओढून ठेवतो आणि टेक-ऑफपूर्वी चेकलिस्टप्रमाणे पुन्हा आत करतो. उड्डाणपुस्तिका ३,००० फुटांच्या वरच्या धावपट्ट्यांवरूनच टेक-ऑफपूर्वी मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी, करायला सांगते. सांबरा त्या रेषेच्या खाली असल्याने आम्ही उड्डाण घेताना पूर्ण रिचच ठेवतो. हे इंधन २०२२ पासून वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार होऊ लागले. तोपर्यंत ते आयात करावे लागत असे.

पावसाळ्यात विमान उडवायचे म्हणजे ढगांशी झुंजायचे, असा अर्थ कोणी काढू नये. आमचा परवाना डोळ्यांनी पाहून, दिवसा उडण्याचा आहे. पश्चिमेला चोर्ला घाटाच्या माथ्यावर ढग टेकलेले असताना गोव्याच्या दिशेला नाक वळवायचेच नाही, हे आमच्यात लिखित ठरले आहे. पण सह्याद्रीपासून पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. कणकुंबीला धो-धो कोसळत असताना हिडकल जलाशयावर उघडीप असते. पावसाळी वारा बहुतेक पश्चिमेचा आणि धावपट्टीही पूर्व-पश्चिम, त्यामुळे आडवा वारा फारसा त्रास देत नाही. दर दहा दिवसांत अशी एखादी सकाळ मिळतेच. त्या सकाळी ज्याची पाळी असेल त्याने दुकान, दवाखाना बाजूला ठेवून यायचे. विमान किमान तासभर उडवायचे आणि तेलाचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन तिथे टिकेल, हे पाहायचे, म्हणजे तेलातला ओलावा उडून जातो.

उडणे जमत नसेल तर हँगरपुढे दहा मिनिटे इंजिन चालवून बंद करावे, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला होता आणि तो चुकीचा आहे. एवढ्या वेळात तेल पुरेसे तापत नाही. ज्वलनातून निर्माण झालेले पाणी मात्र आत साठते. पंखा हाताने फिरवून ठेवणे तर त्याहून वाईट: कॅमवर उरलेला तेलाचा पातळ थरही पुसला जातो, आणि मॅग्नेटोच्या, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राच्या, अर्थिंगची तार तुटलेली असेल तर इंजिन अचानक सुरू होऊन समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

पावसाळी उड्डाणात दोन गोष्टींवर विशेष लक्ष हवे. पहिली, टाकीतले पाणी. एका जुलैच्या सकाळी, विमान रात्रभर बाहेर बांधून ठेवावे लागले होते तेव्हा, मी डाव्या पंखातल्या टाकीखालून इंधनाचा नमुना काढला. पारदर्शक नळीत वर फिकट निळे इंधन आणि तळाशी पेरभर रंगहीन थर, मध्ये स्वच्छ रेषा. नमुना नुसता हलवून पाहिला असता तर ती रेषा दिसली नसती. तो आकाशाच्या उजेडात स्थिर धरला म्हणून दिसली. नमुन्यात थेंबही दिसेनासा होईपर्यंत मी सात वेळा नळी भरली. कारण होते टाकीच्या झाकणाचे रबरी वायसर, उन्हाने तडकलेले. त्याची किंमत किरकोळ. आता आम्ही ते दर मेमध्ये, खराब दिसो वा न दिसो, बदलतो.

दुसरी, कार्बोरेटरमधला, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागातला, बर्फ. बावीस-तेवीस अंश तापमान आणि दमट हवा, म्हणजे बेळगावचा नेहमीचा श्रावण, ही त्यासाठी अगदी अनुकूल स्थिती आहे. बाहेर एवढी ऊब असताना बर्फ कसा धरेल, असे नवख्याला वाटते. पण इंधनाची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना तापमान वीस-पंचवीस अंशांनी खाली येते. आमच्या पंख्याचा कोन बदलत नसल्याने पहिली खूण आर. पी. एम. मध्ये दिसते: थ्रॉटल न हलवता काटा शंभरभर खाली सरकतो. कार्बोरेटर हीट, म्हणजे तिथे गरम हवा सोडणारा नॉब, पूर्ण ओढावी, अर्धवट नाही. प्रथम इंजिन आणखी खाली बसते, खोकते, कारण वितळलेले पाणी आत जात असते; त्या क्षणी घाबरून नॉब परत आत ढकलण्याचा मोह होतो. तसे करू नये. मिनिटभर धीर धरला की काटा आपोआप वर येतो.

आमच्या हँगरमध्ये एक वही आहे. प्रत्येक उड्डाणानंतर त्यात तास, भरलेले इंधन, घातलेले तेल, तेलाचे सर्वोच्च तापमान आणि मॅग्नेटो तपासताना पडलेले आर. पी. एम. लिहिले जातात, आणि ताशी ठरलेली रक्कम त्याच दिवशी ओव्हरहॉलच्या वेगळ्या खात्यात जमा होते. तेल दर ५० तासांनी किंवा चार महिन्यांनी बदलले जाते आणि प्रत्येक वेळी फिल्टर कापला जातो. गेल्या ऑक्टोबरात ट्रेमधल्या कागदावरून चुंबक मीच फिरवला. त्याचे टोक पांढऱ्या फडक्यावर पुसले, तेव्हा फडक्यावर फक्त तेलाचा डाग उमटला.