शुक्र पाहून स्वतः ठरवा: मध्यभागी पृथ्वी की सूर्य?

सूर्य उगवतो, माथ्यावर येतो, मावळतो. पायाखालची जमीन मात्र तसूभर हलत नाही. डोळ्यांना दिसतं ते भूकेंद्रीच, म्हणजे पृथ्वी मध्यभागी असलेलं. इ. स. 150 च्या सुमारास टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाने त्यावर उभं केलेलं गणित चौदाशे वर्षं वापरात राहिलं, कारण त्यातून ग्रहांच्या जागा बऱ्यापैकी बरोबर निघत. त्याला अडाणी समजू नका. 1543 मध्ये खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसने सूर्य मध्यभागी ठेवला, तेव्हा त्याची भाकितंही फारशी सरस नव्हती. निकाल लागायचा तो आकाशातच, आणि त्यातला मोठा भाग लहान दुर्बिणीतून आजही कुणालाही पाहता येतो. शुक्र हवा, आणि काही महिन्यांची चिकाटी.

आधी खोलीत करून बघा

अंधाऱ्या खोलीत डोळ्यांच्या उंचीवर एक उघडा दिवा ठेवा. टेबल टेनिसचा पांढरा चेंडू काडीवर बसवा. दिवा म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे शुक्र, तुम्ही पृथ्वी. टॉलेमीच्या रचनेत शुक्र एका छोट्या वर्तुळात फिरतो आणि त्या वर्तुळाचा मध्य कायम पृथ्वी-सूर्य रेषेवर, सूर्याच्या अलीकडे असतो. तेव्हा सोबत्याला चेंडू तुमच्या आणि दिव्याच्या मध्येच फिरवायला सांगा. एक डोळा मिटून नीट बघा. उजेड पडतो पलीकडच्या अंगाला. तुमच्या वाट्याला कोर येते. अर्ध्याहून जास्त उजळलेला चेंडू काही केल्या दिसत नाही.

आता तोच चेंडू दिव्याभोवती फिरवा. दिव्याच्या पलीकडे गेला की लहान पण जवळजवळ पूर्ण गोल, बाजूला आला की अर्धा, तुमच्याकडे आला की मोठी, बारीक कोर. दोन रचनांमधला फरक एवढाच, आणि तो तपासता येतो.

शुक्र कधी, कुठे

शुक्र सूर्यापासून साधारण 47 अंशांपलीकडे जात नाही. हात लांब करून वळलेली मूठ सुमारे 10 अंश झाकते, म्हणजे अंतर पाच मुठींच्याही आत. म्हणून तो संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेलाच सापडतो. सुरुवात संध्याकाळच्या शुक्रापासून करा. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण त्या बाजूला वळवू नका. भिंगातून सूर्य क्षणभर दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

60 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण आणि 40-50 पट मोठं दाखवणारी नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) पुरते. गडद अंधाराची वाट पाहू नका. मी पहिल्यांदा तीच चूक केली: काळ्या आकाशात शुक्र इतका झगझगत होता की आकार म्हणून काही कळेना. दुसऱ्या दिवशी संधिप्रकाशातच पाहिला आणि कडा स्वच्छ दिसल्या. पुष्कळ दुर्बिणींत प्रतिमा उलटी दिसते, त्याने बिचकू नका.

वही ठेवा

दर आठ-दहा दिवसांनी, तीच नेत्रिका लावून, तारखेसह चित्र काढा. केवळ आकार नाही, बिंब केवढं दिसतं तेही काढा. खरी गंमत तिथे आहे. सूर्यापलीकडे असताना बिंब 10 विकलांच्या (एका अंशात 3600 विकला) आसपास असतं, अगदी जवळ येतं तेव्हा 60 च्या घरात जातं. हे सारं चक्र 584 दिवसांचं. पलीकडून अर्ध्या बिंबापर्यंत यायला शुक्र सुमारे सात महिने घेतो, पण तिथून सूर्याच्या अलीकडे यायला जेमतेम अडीच महिने. शेवटच्या आठवड्यांत मोठी कोर स्थिर धरलेल्या द्विनेत्रीतूनही (बायनॉक्युलर) ओळखू येते.

वहीत एक जरी लहानसं, अर्ध्याहून जास्त भरलेलं बिंब उतरलं, तर टॉलेमीची रचना तिथेच मोडते. गॅलिलिओने 1610 च्या अखेरीस हेच पाहिलं होतं.

निष्कर्ष काढताना सांभाळा

इथे घाई होते, आणि पुस्तकांतूनही होते. शुक्र सूर्याभोवती फिरतो, एवढंच या वहीने सिद्ध होतं. पृथ्वी फिरते, हे नाही. डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची रचना अशी होती की सगळे ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य त्यांना घेऊन स्थिर पृथ्वीभोवती. तिच्यातही शुक्राच्या कला हुबेहूब अशाच दिसतात. खोलीतला दिवा चेंडूसकट तुमच्याभोवती फिरवून बघा, लगेच पटेल.

टायकोला पृथ्वी हलवायची नव्हती, त्याचं एक कारण चोख होतं: ती फिरत असेल तर जवळचे तारे वर्षभरात किंचित सरकलेले दिसायला हवेत, आणि तसे ते कुणालाच दिसत नव्हते. ते सरकणं जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने 1838 मध्ये हंस तारकासमूहातल्या 61 क्रमांकाच्या ताऱ्याचं मोजलं. कोन निघाला विकलेच्या साधारण एक तृतीयांश, इतका बारीक की टायकोच्या काळी तो दिसणं शक्यच नव्हतं.