स्वस्त कार विमा घेताना काय तपासावं?

कारच्या विम्याची मुदत संपत आली की कोटेशन येऊ लागतात. एकाच गाडीसाठी एक कंपनी अकरा हजार सांगते, दुसरी सात हजार. सात हजारांची पॉलिसी घेण्यात गैर काहीच नाही. फक्त मधले चार हजार कुठून कमी झाले, हे पैसे भरण्याआधी कळायला हवं. ते शोधायला तासभर पुरतो.

१. कोटेशनचे दोन भाग वेगळे करा

कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत थर्ड पार्टी (तुमच्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान) आणि ओन डॅमेज (तुमच्या गाडीचं नुकसान) असे दोन प्रीमियम असतात. थर्ड पार्टीचा मूळ दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी कारसाठी तो १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहे. कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी जखमी झालं तर या भागात भरपाईला मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे.

म्हणजे स्वस्ताई येते ती ओन डॅमेजमधून. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे देणारा भाग हाच. पुढची सगळी तपासणी याच भागाची करायची आहे.

गाडी दहा-बारा वर्षांची असेल आणि तिची किंमत फारशी उरली नसेल, तर नुसती थर्ड पार्टी घेणं हा समजूतदार निर्णय असू शकतो. मग सर्वांत स्वस्त कंपनी निवडली तरी चालेल. मात्र चोरी, आग, पूर यात गाडी गेली तर एक रुपयाही मिळणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

२. सगळ्या कोटेशनमध्ये आयडीव्ही सारखी करून घ्या

आयडीव्ही म्हणजे गाडीची विम्यापुरती मान्य केलेली किंमत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर भरपाई याच आकड्यावर ठरते. कंपनीच्या यादीतल्या किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ती काढतात: गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के, दोन ते तीन ३०, तीन ते चार ४० आणि चार ते पाच वर्षांची असेल तर ५० टक्के.

प्रीमियम कमी दाखवण्याचा सोपा मार्ग म्हणजे आयडीव्ही खाली आणणं. याचा आणखी एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. चार लाखांच्या आयडीव्हीवर ही रेघ तीन लाखांना येते, ३ लाख २० हजारांवर २ लाख ४० हजारांनाच. दुरुस्त होण्यासारखी गाडी हातची जाते आणि मिळालेल्या पैशांत तशी दुसरी येत नाही.

३. क्लेमच्या दिवशी खिशातून किती जाईल, ते मांडा

माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा. झिरो डेप म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर. ते नसलेल्या साध्या पॉलिसीत बदललेल्या सुट्या भागांवर घसारा कापतात. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर शून्य. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. पेंटिंगच्या बिलाचा चौथा हिस्सा रंगाचा धरून त्यावर ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही.

साडेतीन वर्षांची हॅचबॅक पुढून ठोकली असं धरू. उदाहरणादाखल बिल असं: बंपर ६,०००, हेडलाइट ८,०००, बॉनेट १०,०००, पुढची काच ७,०००, पेंटिंग १२,०००, मजुरी ५,०००. एकूण ४८,०००. जीएसटी तूर्त बाजूला ठेवू. बंपर आणि हेडलाइटवर ७,००० कापले, बॉनेटवर २,५००, रंगावर १,५००. झाले ११,०००. त्यावर सक्तीची कपात, म्हणजे प्रत्येक क्लेमला तुम्ही भरायचीच रक्कम, १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये. तुमच्या खिशातून १२,००० गेले. झिरो डेप असता तर फक्त सक्तीची कपात आणि नटबोल्ट, ऑइल, कूलंट अशा कन्झ्युमेबल्सचे पैसे भरावे लागले असते.

आता ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’ बघा, म्हणजे प्रीमियम कमी व्हावा म्हणून आपणहून स्वीकारलेली जादा कपात. ऑनलाइन कोटेशन घेताना याची खूण कधी कधी आधीच केलेली असते. पाच हजारांची ऐच्छिक कपात निवडली तर वरच्या बिलात तुमचा वाटा १७,००० होतो. जुन्या टॅरिफमध्ये या पर्यायाची सूट जास्तीत जास्त १,५०० रुपये होती. तुमच्या कोटेशनमध्ये खरोखर किती वाचतात ते खूण काढून आणि परत करून पाहा. दुचाकींच्या गर्दीत रोज गाडी काढणाऱ्याने हा पर्याय घेऊ नये, असं मला वाटतं.

साधारण पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झिरो डेप घ्यावाच. पण वर्षाला किती क्लेम चालतात ते विचारा, कारण बऱ्याच कंपन्या दोनच मान्य करतात. शिवाय लहान ओरखड्यासाठी क्लेम करू नका. एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेज प्रीमियमवर मिळणारी सूट) २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. आधी गॅरेजमधून दुरुस्तीचा अंदाज घ्या, मग ठरवा.

४. पाण्याचा विचार करा

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुलै २०२१मध्ये चिपळूण बुडालं. पुराचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत येतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण साचलेल्या पाण्यात गाडी सुरू केली, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर साध्या पॉलिसीत तो क्लेम बहुधा नाकारला जातो. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हा अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून मिळणारं कव्हर, वेगळा घ्यावा लागतो. कोकण, मुंबई, ठाणे, सांगली, कोल्हापूर इथे सखल भागात गाडी उभी राहत असेल तर दुसरं काही कमी करा, हे नको. आणि पाणी शिरलेली गाडी चावी न फिरवता टो करूनच न्या, अ‍ॅड-ऑन असला तरीही.

५. क्लेम सेवा कशी ओळखावी

जाहिरातीतल्या ‘हजारो कॅशलेस गॅरेज’चा तुम्हाला उपयोग नाही. तुम्ही गाडी जिथे नेता ते गॅरेज यादीत आहे का, तेवढं बघा. रत्नागिरीच्या माणसाला कोल्हापूरची यादी कामाची नाही.

मग त्या गॅरेजच्या बॉडी शॉपमध्ये जाऊन विचारा: या कंपनीचा सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) किती दिवसांत येतो? अप्रूव्हल कुठे अडकतं? बिलातलं काय कापतात? रोज क्लेम हाताळणारा माणूस याचं उत्तर लगेच देतो. मला ही चौकशी कोणत्याही रेटिंगपेक्षा भरवशाची वाटते.

आकडे बघायचे असतील तर एक फरक लक्षात घ्या. ‘इनकर्ड क्लेम रेशो’ म्हणजे जमा प्रीमियमच्या तुलनेत क्लेमचा खर्च. क्लेम किती लवकर किंवा किती न्याय्य दिले, ते त्यातून कळत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर ‘पब्लिक डिस्क्लोजर्स’मध्ये क्लेम किती काळ रखडले आणि तक्रारी किती आल्या याचे तक्ते असतात. ते अधिक बोलके आहेत.

विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत घ्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय द्यायचा. या मुदती लिहून ठेवा. फोनवर बोलताना उपयोगी पडतात.

६. फॉर्म खरा भरा

‘मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का?’ याला चुकीचं उत्तर दिलं की एनसीबी लागू होऊन प्रीमियम घटतो आणि क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीत दोन्हीकडे नोंदवा. सेकंडहँड गाडी घेतली तर १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायला द्या. आधीच्या मालकाचा एनसीबी तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. मुदत संपून ९० दिवस उलटले तर तुमचा स्वतःचा एनसीबीही जातो.

७. क्लेम अडला तर

नकाराचं कारण लेखी मागा, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नकार दिला त्यासह. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. सोबत आयआरडीएआयच्या विमा भरोसा या तक्रार पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून अपघाताचे फोटो, गॅरेजचं एस्टिमेट आणि कंपनीचे सगळे ईमेल तोवर जपून ठेवा.